खेळाडू विद्यार्थ्याचे मैदान आणि परीक्षा : महाविद्यालयांसाठी एक कार्यपद्धती

दिवाळीच्या सुमारास महाविद्यालयाच्या फलकावर कमी हजेरीच्या विद्यार्थ्यांची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘डिफॉल्टर’ यादी लागते, तेव्हा विद्यापीठ संघात निवडल्या गेलेल्या दोन-चार मुलामुलींची नावे तिच्यात हमखास सापडतात. ज्या महिन्यात प्राचार्य त्यांचा सत्कार करतात, त्याच महिन्यात कार्यालय त्यांच्या पालकांना पत्र धाडते. यात कुणाचा आकस नसतो. स्पर्धांच्या तारखा शारीरिक शिक्षण संचालकांकडे असतात, परीक्षांच्या तारखा परीक्षा विभागाकडे आणि हजेरीपट प्रत्येक प्राध्यापकाकडे निराळा. ही सारी वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम मात्र कुणालाच नेमून दिलेले नसते. खेळाडू अभ्यासात मागे पडतो तो बहुतेक वेळा यामुळे, बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. म्हणूनच पुढील विवेचनात अभ्यासाच्या युक्त्यांपेक्षा तारखा, अर्ज आणि जबाबदारीची वाटणी यांना अधिक जागा दिली आहे. ते पदवी महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि शारीरिक शिक्षण संचालक यांच्यासाठी असले, तरी पालकांना आणि स्वतः खेळाडूंनाही त्यातील बराच भाग कामाला येईल.

प्रवेश घेताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, खुले विषय, कौशल्याधारित विषय असे बरेच पर्याय निवडावे लागतात. खेळाडूच्या बाबतीत ही निवड प्रवेशाच्या रांगेत, मित्राने काय घेतले ते पाहून केली जाते आणि तिचे परिणाम नोव्हेंबरमध्ये दिसतात. ‘खेळाडू आहे, सोपा विषय द्या’ हा सल्ला ऐकायला सोयीचा असला तरी त्यातून नावड निर्माण होते, आणि नावडत्या विषयाचा अभ्यास रेल्वेच्या डब्यात बसून कुणी करत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या विषयाचे मूल्यमापन कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या महिन्यांत होते? दर आठवड्याला प्रॅक्टिकल आणि जर्नल असलेला विषय घेऊ नये असे मुळीच नाही. मात्र चुकलेले प्रॅक्टिकल दुसऱ्या तुकडीबरोबर करू देण्याची तयारी विभागाची आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. रसायनशास्त्र घेतलेली धावपटू आणि इतिहास घेतलेला कबड्डीपटू यांच्या अडचणी सारख्या नसतात.

खेळ, योग, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना यांसाठी सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक ठेवलेले आहेत. खेळाडूला ते आपोआप मिळतील असे गृहीत धरू नये. नोंदणीच्या वेळी तो पर्याय निवडलेला असावा लागतो आणि सत्राच्या शेवटी त्याचा पुरावा द्यावा लागतो. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमही उपयोगी पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम या मंचावरून करू देण्याची मुभा संस्थांना आहे. अर्थात आपल्या विद्यापीठाने कोणते अभ्यासक्रम मान्य केले आहेत ते तपासावे, आणि त्यांच्या परीक्षेची तारीख ठरलेली असते हेही लक्षात ठेवावे, नाहीतर एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहते.

काही पालक हजेरीची कटकट नको म्हणून मुलाला दूरशिक्षणाकडे वळवण्याचा विचार करतात. आंतरविद्यापीठ स्पर्धांत नियमित, पूर्णवेळ अभ्यासक्रमाचे विद्यार्थीच उतरू शकतात. तेव्हा हा निर्णय अभ्यासापुरता राहत नाही, त्यामुळे विद्यापीठ संघाचा दरवाजाच बंद होतो.

जुलैमध्ये एकच तक्ता

सगळ्या कामांत हे काम महत्त्वाचे, आणि नेमके हेच सर्वांत कमी ठिकाणी होते. खेळाडूचा मार्ग ठरलेला असतो: आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय, तिथून विद्यापीठ संघाची निवड, संघाचे सराव शिबिर, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तिथे संघ पात्र ठरला तर अखिल भारतीय स्पर्धा. याशिवाय राज्यातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव असतो, आणि २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा असतात. ज्यांचा खेळ त्याहून वरचा आहे त्यांच्यासाठी संघटनांच्या राज्य व राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्याच. यातील नेमक्या तारखा जुलैत कळत नाहीत हे खरे. तरी कोणता खेळ साधारण कोणत्या महिन्यात येतो हे मागील दोन वर्षांची पत्रे काढली की समजते.

तक्ता करताना मोठ्या कागदावर जुलै ते एप्रिल असे आठवडे आडवे मांडावेत. पहिल्या ओळीत स्पर्धा आणि शिबिरे लिहावीत, ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत त्या पेनाने आणि अंदाजाच्या पेन्सिलीने. दुसऱ्या ओळीत अंतर्गत चाचण्या, प्रकल्पाच्या मुदती, प्रॅक्टिकल परीक्षा आणि सत्रान्त लेखी परीक्षा येतील. तिसऱ्या ओळीत परीक्षेचा अर्ज, शुल्क, शिष्यवृत्तीचा अर्ज, पुनर्मूल्यांकनाची मुदत अशा कार्यालयीन तारखा लिहाव्यात. ही तिसरी ओळ बहुतेक जण विसरतात. प्रत्यक्षात पेपर अवघड गेल्यापेक्षा परीक्षेचा अर्ज भरायचा राहून गेल्यामुळे विलंब शुल्काच्या फेऱ्यात सापडलेले खेळाडू काही कमी नसतात, कारण अर्जाची सूचना लागते तेव्हा ते शिबिरात असतात आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावरील दोनशे संदेशांत ती सूचना हरवते.

समजा, द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेची एक खो-खोपटू आहे. सप्टेंबरमध्ये तिच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आंतरविभागीय आणि निवड, त्यानंतर शिबिर, आणि लगेच गुजरात किंवा राजस्थानातील एखाद्या विद्यापीठात पश्चिम विभागीय स्पर्धा. तक्ता मांडला की दिसते, तिच्या दोन्ही अंतर्गत चाचण्या नेमक्या याच काळात येतात आणि परतल्यानंतर सत्रान्त परीक्षेला जेमतेम दोन आठवडे उरतात. हे तिला नोव्हेंबरमध्ये कळले तर हाती काहीच उरत नाही. जुलैत कळले तर पहिली चाचणी ऑगस्टमध्ये घेता येते, कॉस्टिंगची अवघड प्रकरणे आधी संपवता येतात, आणि प्रकल्पाचा विषय जुलैतच ठरवता येतो. तक्त्याच्या तीन प्रती काढाव्यात: एक खेळाडूकडे, एक जिमखान्यात आणि एक पुढे सांगितलेल्या प्राध्यापकाकडे.

नेमलेला एक प्राध्यापक

बहुतेक महाविद्यालयांत मेंटॉर योजना कागदावर असतेच. प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला वीस-पंचवीस मुले येतात आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या भेटीपूर्वी त्यांच्या सह्या गोळा होतात. खेळाडूंसाठी हे पुरत नाही. आठ-दहा खेळाडूंमागे एक प्राध्यापक असावा, आणि तो शक्यतो शारीरिक शिक्षण विभागातील नसावा. संचालकांचे मन साहजिकच स्पर्धेकडे ओढ घेते. शिवाय वाणिज्य किंवा विज्ञान विभागातील सहकाऱ्याशी चाचणीबद्दल बोलायचे तर त्याच विभागाच्या किंवा शेजारच्या विभागाच्या प्राध्यापकाचा शब्द अधिक चालतो. तो माणूस खेळाचा जाणकार असण्याची गरज नाही, चिकाटीचा असला म्हणजे झाले.

त्याचे काम ठरावीक असावे. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे भेट. संघ बाहेरगावी असेल तर फोन. भेटीत चार गोष्टी विचारायच्या: या आठवड्यात कोणते तास चुकले, कोणते सबमिशन बाकी आहे, पुढील पंधरा दिवसांत तक्त्यावर काय आहे, आणि झोप व जेवण नीट होते आहे का. ‘अभ्यास कसा चाललाय?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याचे उत्तर ‘चाललाय सर’ असेच येते आणि त्यातून काहीही कळत नाही.

आपल्याकडे शिक्षकाने खेळाडूच्या मागे उभे राहण्याची परंपरा जुनी आहे. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. आजच्या प्राध्यापकाकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा कुणी करत नाही. आठवड्यातून अर्धा तास आणि सहकाऱ्यांना चार फोन एवढेच मागणे आहे.

निघण्यापूर्वीचा अर्ज

विद्यापीठांच्या नियमांनुसार साधारणतः ७५ टक्के हजेरी लागते, आणि महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या वतीने खेळताना चुकलेले तास हजेरीत धरण्याची तरतूदही बहुतेक ठिकाणी असते. तरीही खेळाडू यादीत येतात, कारण अर्ज स्पर्धेनंतर, कधी कधी तर यादी लागल्यानंतर दिला जातो. सवलत केवळ नियमात आहे म्हणून आपोआप मिळत नाही; ती मागावी लागते, आणि लेखी मागावी लागते. निघण्यापूर्वी किमान आठवडाभर आधी पुढील मजकुराचा अर्ज द्यावा:

‘मी द्वितीय वर्ष वाणिज्य, तुकडी ब या वर्गात शिकत आहे. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ खो-खो स्पर्धेसाठी विद्यापीठ संघात माझी निवड झाली आहे. शिबिर, प्रवास व स्पर्धा मिळून (तारीख) ते (तारीख) या काळात मी वर्गात अनुपस्थित राहीन. या काळात कॉस्ट अकाउंटिंगची अंतर्गत चाचणी आणि मराठीचे सबमिशन आहे. परतल्यानंतर (तारीख) ते (तारीख) या आठवड्यात दोन्ही पूर्ण करण्याची माझी तयारी आहे. चुकलेल्या तासांची हजेरी ग्राह्य धरावी, ही विनंती. सोबत निवडपत्राची प्रत जोडली आहे.’

यातील शेवटून तिसरे वाक्य, म्हणजे कोणत्या आठवड्यात काम पूर्ण करणार ते सांगणारे, अर्जात आवर्जून ठेवावे. नुसती सूट मागणाऱ्या अर्जावर प्राध्यापक ‘पाहू’ असे म्हणतात; ज्या अर्जात पर्यायी तारीख दिलेली असते, त्यावर सही करणे त्यांना सोपे जाते. अर्जावर आधी शारीरिक शिक्षण संचालकांची शिफारस, मग विभागप्रमुखांची सही आणि शेवटी कार्यालयाचा आवक क्रमांक घ्यावा. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजले जाते, हा सरकारी जगाचा नियम महाविद्यालयातही चालतो. आवक क्रमांक पडलेल्या प्रतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

प्रवासात आणि शिबिरात

शिबिरातला दिवस पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होतो, सकाळी आणि संध्याकाळी दोन-अडीच तासांचा सराव असतो, आणि दुपारी शरीर झोप मागते. अशा दिवसात रोज चार तास अभ्यासाचा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो. दुपारच्या झोपेनंतर चाळीस-पन्नास मिनिटे आणि रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास, एवढे पुरे धरावे. मात्र ते कोणत्या विषयाचे हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

सोबत जाडजूड पुस्तके नेण्याचा उत्साह असतो आणि ती तशीच परत येतात. त्याऐवजी प्रत्येक विषयाचा एक घटक निवडून त्याच्या नोट्सची झेरॉक्स आणि मागील तीन-चार सत्रांच्या प्रश्नपत्रिका एका पातळ फाइलमध्ये घ्याव्यात. रेल्वेत नेटवर्क जाते-येते, म्हणून व्हिडिओ व्याख्याने आधीच उतरवून ठेवावीत. वाचत बसण्यापेक्षा पान मिटून आठवेल ते लिहून काढणे आणि मग राहिलेले पाहणे अधिक टिकते. थकलेल्या माणसाची नजर ओळींवरून नुसती फिरत राहते आणि वाचल्याचा भास होतो. संघात एकाच वर्षाची दोघे-तिघे असतील तर त्यांनी एकमेकांना तोंडी प्रश्न विचारावेत. त्यासाठी वहीही लागत नाही. संघ व्यवस्थापकाने संध्याकाळच्या सूचनांआधी अर्धा तास सर्वांना एका खोलीत बसवले, तर जे एकट्याने होत नाही ते गटात होते. सामन्याच्या आदल्या रात्री आणि सामन्याच्या दिवशी पुस्तक उघडण्याचा आग्रह धरू नये.

वर्गातील एका सहाध्यायाला नोट्स पाठवण्याचे काम सांगितलेले असावे. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक हे आनंदाने करतात. फळ्याचा फोटो आणि ‘आज सरांनी हे सोडवून घेतले’ अशी एक ओळ, एवढेही भरपूर होते.

परतल्यानंतरचे दहा दिवस

पदक मिळाले तर मिरवणूक आणि सत्कार, न मिळाले तर निराशा. दोन्ही कारणांनी हा काळ वाया जातो. पहिले दोन दिवस विश्रांतीला द्यावेत, ते मागून घेण्यात लाज वाटू नये. तिसऱ्या दिवशी नेमलेल्या प्राध्यापकाची भेट घेऊन चुकलेल्या कामाची यादी करावी आणि ती अशा क्रमाने लावावी: आधी ज्याला गुण आहेत आणि मुदत आहे ते, मग पुढचे प्रकरण ज्याच्यावर अवलंबून आहे ते, आणि शेवटी बाकीचे. गणित, संख्याशास्त्र, लेखाकर्म यांत मधले प्रकरण सुटले की पुढचे सगळेच परके वाटू लागते. म्हणून या विषयांच्या प्राध्यापकांकडून एक-दोन तास मागून घ्यावेत. भाषा आणि सामाजिक शास्त्रांत नोट्सवर बरेच भागते.

पहिल्या पिढीत शिकणाऱ्या, तालमीतून किंवा खेडेगावातून आलेल्या मुलांना स्वतःहून प्राध्यापकांच्या केबिनमध्ये जाणे जड जाते. मैदानावर हजारोंसमोर न कचरणारा पैलवान स्टाफरूमच्या दारात मात्र पाच मिनिटे घुटमळतो. अशा वेळी तो येण्याची वाट न पाहता प्राध्यापकाने स्वतः त्याला बोलावावे. कला आणि वाणिज्य शाखांत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा असते, तीही त्याला माहीत आहे ना, हे विचारावे.

परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आले तर

अंतर्गत चाचणीचा प्रश्न महाविद्यालयाच्या पातळीवर सुटतो. सत्रान्त लेखी परीक्षेचे तसे नाही, कारण तिचा निर्णय विद्यापीठाकडे असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळ आणि क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ अशी दोन स्वतंत्र मंडळे असतात; अर्ज प्राचार्यांच्या शिफारशीने दोन्हींकडे, स्पर्धेचे अधिकृत पत्र जोडून, तारखा जुळत नाहीत हे कळताच करावा. पेपर झाल्यानंतर केलेल्या अर्जाला फारसा अर्थ उरत नाही.

वेळेत उत्तर आले नाही, तर निवड खेळाडूने करायची आहे, आणि ती पूर्ण माहितीनिशी करायची आहे: हा पेपर राहिला तर पुढील वर्षाच्या प्रवेशावर परिणाम होतो की एटीकेटीने, म्हणजे विषय मागे ठेवून पुढील वर्षात जाण्याच्या सवलतीने, निभावते? पुढची संधी कोणत्या महिन्यात आहे? या स्पर्धेवर पुढील निवड अवलंबून आहे का? राष्ट्रीय स्पर्धेसाठी एक विषय मागे राहू देणे कधी कधी शहाणपणाचे ठरते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात हाच हिशेब उलटा होऊ शकतो.

शरीराचा हिशेब

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग यांसारख्या वजनगटांच्या खेळांत वजनमापाआधीच्या आठवड्यात मुले पाणी आणि जेवण तोडतात, जाड कपड्यांत धावून घाम काढतात. ही पद्धत घातक आहेच, तिच्याविषयी प्रशिक्षकांशी बोलले पाहिजे. पण जोवर ती चालू आहे तोवर त्या आठवड्यात व्हायवा किंवा चाचणी ठेवू नये, हे साधे पथ्य आहे. समोर बसलेला मुलगा आळशी नसतो, त्याला पाण्याची कमतरता झालेली असते.

डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मैदानावर परतू नये, हे सर्वांना ठाऊक असते. अभ्यासाकडेही टप्प्याटप्प्यानेच परतायचे असते, हे मात्र फारसे कुणी लक्षात घेत नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि कमीत कमी स्क्रीन, मग थोडे वाचन, आणि डोकेदुखी वाढली नाही तर हळूहळू पूर्ण तास. कबड्डीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली, तर मैदानापासून अनेक महिने दूर राहावे लागते. त्या काळात संघाचा फोन येणे थांबते आणि मुलगा वर्गातही येईनासा होतो. जिमखान्याने त्याला गुणलेखनाचे किंवा कनिष्ठ खेळाडूंना शिकवण्याचे काम देऊन संघात ठेवावे, आणि मागे राहिलेले विषय याच काळात सोडवून घ्यावेत. मन फारच खचलेले दिसले तर टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा; तेथे मराठीतून बोलता येते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सराव आणि महाविद्यालय यांच्या जोडीला घरकामाचा तिसरा वाटा त्यांच्यावर असतो, आणि गुण घसरले की सर्वांत आधी बंद होतो तो खेळ. अशा घरी निकालानंतर नव्हे, तक्ता तयार झाल्यावर जावे आणि आईवडिलांसमोर तो मांडावा.

सवलत कुठे थांबवावी

न लिहिलेल्या सबमिशनला गुण देणे, दुसऱ्याकडून जर्नल लिहून घेण्याकडे काणाडोळा करणे, ‘पदक आणले आहे, पास करून टाका’ असा शब्द टाकणे, हे प्रकार मदतीच्या नावाखाली चालतात. वेळ, तारीख आणि पद्धत यांत लवचीकता असावी; प्रश्नाचा दर्जा तोच ठेवावा. नियमानुसार मिळणारे ग्रेस गुण ही वेगळी बाब आहे. तो खेळाडूचा हक्क आहे, त्यासाठीचा अर्ज मुदतीत भरून घेणे ही जिमखान्याची जबाबदारी.

प्रमाणपत्रांची फाइल

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांतच धरले जाणारे) आरक्षण आहे, आणि त्यासाठी पदाला लागणारी शैक्षणिक अर्हता खेळाडूलाही पूर्ण करावी लागते. पदवी राहिली की राष्ट्रीय पदकही त्या रांगेत उपयोगी पडत नाही. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, त्यात वेळ जातो, आणि जाहिरात आल्यावर धावपळ सुरू होते. म्हणून पहिल्या वर्षापासून एका फाइलमध्ये प्रत्येक स्पर्धेचे निवडपत्र, सहभागाचे किंवा प्रावीण्याचे मूळ प्रमाणपत्र, निकालाचा तक्ता, त्या वर्षाचे बोनाफाइड आणि प्रत्येक सत्राची गुणपत्रिका तारखेप्रमाणे लावावी. प्रमाणपत्रावरील नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे ते हातात पडताच पाहावे. दुरुस्ती आयोजक विद्यापीठाकडून त्याच हंगामात करून मिळते, तीन वर्षांनी त्या कार्यालयातला माणूसही बदललेला असतो.